दाभण

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. नर्स आहे म्हणजे पन्नाशीनंतरच्या तब्येतीवर बोलेल, असं बऱ्याच जणांना वाटलं असणार. साखर, बीपी, गुडघे. ते जेवताना बोलू, तसंही तुम्ही सोडणार नाहीच. मी बोलणार आहे आपल्या इंग्रजीच्या एका तासाबद्दल. त्या तासाचं माझ्याकडे काही देणं राहिलंय.

आठवी 'ब'. दुपारच्या सुट्टीनंतरचा तास. आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आपल्या मुलांच्या नशिबी. म्हणजे आठवीत आपलं इंग्रजी अवघं चौथ्या वर्षात होतं, आणि ते घरी ऐकायला मिळेल अशी सोय कुणाकडेच नव्हती. हिंजवडीचं आयटी पार्क व्हायचं होतं. टेकडीखाली भाताची खाचरं होती आणि बांधावर बाभळी. रबरी चप्पल घालून शाळेत येताना काटा चप्पल फोडून टाचेत शिरायचा. वर्गात बसून कंपासच्या टोकाने काटे काढणारे आपण. रुईचा चीक लावला की काटा वर येतो म्हणून कुणीतरी चीक आणायचं, आणि तो डोळ्यात जाईल म्हणून बाई ओरडायच्या.

तर सरांनी फळ्यावर शब्द लिहिला, 'पिअर्स'. अर्थ सांगितला, भोसकणे, आरपार टोचणे, भेदणे. मग म्हणाले, प्रत्येकाने एक वाक्य करा. मी हात वर केला. माझं वाक्य गाईडातलं होतं, 'द अ‍ॅरो पिअर्स्ड हिज हार्ट.' बाण कुणी मारला, कुणाच्या काळजात, मला काही माहीत नव्हतं. सर म्हणाले, 'बरोबर.' आणखी तीन-चार जणांनी बाणच मारले. मग आपल्यातला एक जण उठला. त्याचं नाव घेत नाही, त्याने तशी अट घातली आहे. आज तो इथे बसला आहे. तो उठला आणि म्हणाला, 'माय फादर पिअर्सेस द बॅग विथ दाभण.'

वर्ग फुटला. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल, तर मी. हसून थांबले नाही. उभी राहून म्हणाले, 'सर, दाभण इंग्लिश नाही.' सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'मग दाभणाला इंग्रजीत काय म्हणतात, तू सांग.' मला येत नव्हतं. सर म्हणाले, 'मलाही येत नाही. उद्या बघून सांगतो. वाक्य मात्र बरोबर आहे, कर्ता, क्रियापद, कर्म, सगळं जागच्या जागी. आणि त्याने ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.' दुसऱ्या दिवशी सर आले आणि पुस्तक उघडायच्या आधी म्हणाले, 'पॅकिंग नीडल.'

सर, तुम्हाला हे आठवतंय की नाही, मला माहीत नाही. मला आठवतंय, कारण पुढचं तुम्हाला कळलं नव्हतं. त्या दिवसापासून त्याचं नाव 'दाभण' पडलं. ठेवलं मी. दहावीपर्यंत चाललं. 'ए दाभण, डबा आणलास का?' 'दाभणाला विचार, त्याला येतं इंग्लिश.' त्यानंतर इंग्रजीच्या तासाला त्याने हात वर केला नाही. दहावीला त्याचा एकच विषय राहिला, इंग्रजी. या दोन गोष्टींचा संबंध आहे, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. संबंध नाही, असंही म्हणवत नाही.

आता थोडं माझ्या धंद्याकडे वळते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

माणूस दवाखान्यात येतो आणि म्हणतो, दुखतंय. रक्तदाब मोजता येतो, ताप मोजता येतो, दुखणं मोजायचं यंत्र नाही. माणूस जे सांगेल तेच खरं धरायचं. म्हणून 'कसं दुखतंय?' हा प्रश्न फार महत्त्वाचा. यावर रोनाल्ड मेल्झॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात असताना एक प्रश्नावली केली. १९७५ साली ती छापून आली आणि आजही जगभर वापरतात. त्यात दुखण्याचे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत मांडले आहेत. एक गट सगळा टोचण्याचाच, हलक्यापासून भारीपर्यंत. सुई टोचल्यासारखं, भोक पाडल्यासारखं, ड्रिल चालवल्यासारखं, सुरा खुपसल्यासारखं, आणि सर्वांत शेवटी 'लॅन्सिनेटिंग'. आपला 'पिअर्सिंग' त्यात वेगळ्या गटात आहे, आरपार जाणाऱ्या दुखण्याच्या. हे शब्द त्यांनी नुसते डिक्शनरीतून उचलले नाहीत. अमेरिकेत तरुणपणी काम करत असताना पाय कापलेल्या एका वयस्कर बाईंशी ते बोलत बसायचे. नसलेला पाय दुखायचा तिचा. ती जे शब्द वापरायची ते लिहून घेता घेता त्यांची यादी सुरू झाली. म्हणजे त्या जगप्रसिद्ध कागदाच्या मुळाशी एका म्हातारीचं बोलणं आहे. हे मला फार उशिरा कळलं. वेळेत कळतं तर बरं झालं असतं.

'लॅन्सिनेटिंग' हा शब्द मी नर्सिंगला पाठ केला होता. तो 'लान्स' म्हणजे भाल्यावरून आला असेल असं वाटतं. खरं म्हणजे तो लॅटिनमधल्या फाडणे, चिंध्या करणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला. पण भाल्याची सावली त्याच्यावर पडलीच, आणि आता त्याचा अर्थ भाला खुपसल्यासारखी क्षणात येऊन जाणारी कळ, असाच झाला आहे.

आता आपल्याकडे बघा. मी एकदा रात्रपाळीला बसून यादी केली. कळ, चमक, सणक, चिलक, तिडीक, ठणका, ठसठस, शूळ, उसण. प्रत्येकाचं दुखणं वेगळं. गळू ठसठसतं, त्यात कधी चमक निघत नाही. उसण पाठीत भरते, दातात भरत नाही. शूळ म्हणजे मुळात भालाच, देवीच्या हातातला त्रिशूळ तो हाच. पोटात भाला घातल्यासारखं दुखलं की पोटशूळ. आणि शेजाऱ्याने फ्लॅट घेतला की जो उठतो तोही पोटशूळच! आपल्या मारुंजीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जमिनीचे भाव जसे वाढले तसा त्या दुसऱ्या पोटशूळाचा प्रसार किती झाला, ते तुम्ही जाणता. त्यावर माझ्याकडे इंजेक्शन नाही. तिडीकही तशीच. दाढेतून कानशिलात जाते ती तिडीक, आणि जावई काहीतरी बोलला म्हणून डोक्यात जाते तीही तिडीक.

टोचण्याच्या क्रियापदांत तर आपण श्रीमंत आहोत. काटा टोचतो तो बाहेरून. चपलेतला खडा बोचतो. कुसळ डोळ्यात खुपतं, आणि कुणाचं बरं चाललेलं असलं तरी ते डोळ्यात खुपतंच. चिखलात पाय रुततो. आणि काटा आत मोडून राहिला, वरची कातडी बुजली, दिसायला काही नाही, तरी चालताना कळतं, ते सलणं. 'सल' हा शब्द 'शल्य'वरून आला. शल्य म्हणजे शरीरात घुसून राहिलेलं बाणाचं टोक. ते बाहेर काढायची विद्या ती शल्यचिकित्सा, म्हणून सर्जन हा आपला शल्यचिकित्सक. जे सर्जनला निघत नाही त्यालाही आपण मनातलं शल्यच म्हणतो. कान टोचतात ते बाळाचे, आणि टोचतात ते मोठ्यांचेही. तेही सोनारानेच टोचावे लागतात, घरचा कुणी टोचू गेला तर उपयोग होत नाही.

इंग्रजीचंही असंच आहे, हे मला नंतर मुलीचा अभ्यास घेताना कळलं. लॅटिनमध्ये टोचण्याचं एक क्रियापद आहे, त्याच्यापासून 'पंक्चर' आला. 'अ‍ॅक्युपंक्चर'ही तिथलाच. नाकाला झोंबणारा तो 'पंजंट', काळजाला लागणारं ते 'पॉइनंट'. त्याच घरातला 'पंक्चुअल', कारण टोचल्यावर ठिपका पडतो आणि जो नेमक्या ठिपक्यावर येतो तो पंक्चुअल. फाटकापाशी हातात घड्याळ धरून उभे राहणारे आपले मुख्याध्यापक आणि नाक्यावरचा पंक्चरवाला हे भाषेच्या नात्याने सख्खे चुलत भाऊ निघाले. सर, रागावू नका. आणि त्याच क्रियापदाचा आणखी एक शब्द आहे, 'कम्पंक्शन'. त्याला आपला शब्द तंतोतंत आहे, टोचणी. मनाला लागलेली टोचणी. लॅटिनवाल्यांनी आणि आपण एकमेकांना न विचारता एकाच वस्तूवर बोट ठेवलं, कारण वस्तू तशीच आहे.

आता मूळ गोष्ट.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईचा उजवा गाल दुखू लागला. खालचा जबडा, दाढेच्या बाजूने. आई गावातच असते, मी कामामुळे पिंपरीकडे. फोनवर म्हणाली, 'बाय, दाढ लय दुखती.' मी तिला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेले. कुठल्या ते महत्त्वाचं नाही, त्यांची चूक मी मानत नाही. डॉक्टरांनी विचारलं, 'आजी, कसं दुखतं?' आई म्हणाली, 'दाभण खुपसल्यावानी.'

मी मध्ये पडले. खरं सांगते, मला लाज वाटली. चकचकीत दवाखाना, एसी, बाहेर बसलेल्या आयटीतल्या मुली, आणि माझी आई दाभण म्हणते. मी म्हटलं, 'आई, असं नाही सांगायचं. टोचल्यासारखं होतं, असं सांग.' आणि डॉक्टरांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, 'शार्प पेन, डॉक्टर. प्रिकिंग. ऑन अँड ऑफ.' आईने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसली. त्यानंतर त्या खोलीत ती बोलली नाही. विचारलं की माझ्याकडे बघायची.

दाढेत थोडी कीड होतीच, या वयात कुणाच्या नसते. दाढ काढली. दुखणं गेलं नाही. दोन महिन्यांनी शेजारची काढली. तेही गेलं नाही. आईने तोंड धुणं कमी केलं. गालाला पदर लावून बसायची, वारा लागू नये म्हणून. भाकरी सोडली. दूध आणि पेज, तीही डाव्या बाजूने. बोलताना मध्येच थांबायची, डोळे मिटायची, दोन-चार सेकंद, आणि मग पुढचा शब्द. मला वाटायचं, वय झालं, अडखळते. आठ महिने असे गेले. घरात नर्स असताना.

शेवटी पुण्यात नसांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, 'कसं दुखतं?' मी सवयीने तोंड उघडलं. ते म्हणाले, 'सिस्टर, तुम्ही थांबा. आजींना बोलू दे.' आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ती म्हणाली, 'डॉक्टरसाहेब, दाभण तापवावं, गालात खुपसावं, आन् लगेच उपसून घ्यावं. तसं. मग काय नाय. मग परत.' डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. 'किती वेळ राहतं?' 'पोत्याला एक टाका घालायला लागतो तेवढा.' 'कशाने येतं?' 'तोंडावर पाणी मारलं की. घास चावला की. वाऱ्यानं बी येतं.' 'रात्री झोपेत उठवतं का?' 'नाय. झोपले की गप असतं.'

त्यांनी कागदावर 'लॅन्सिनेटिंग' लिहिलं आणि खाली निदान, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याला संवेदना देणारी जी नस असते, मेंदूतून निघणारी पाचवी, तिला तीन फांद्या असतात. तिचं हे दुखणं. बऱ्याचदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी त्या नसेवर दाबत असते. पन्नाशीनंतर जास्त, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. झटका क्षणभराचा, फार तर दोन मिनिटांचा. गालाला हात लागला, दात घासले, वारं लागलं, एवढंही पुरतं. आणि हे दुखणं दातांचं समजून चांगले दात काढले जातात, हे आम्हाला पुस्तकात शिकवलेलं होतं. मी ते पेपरात लिहून मार्क मिळवलेले आहेत.

आता बघा, आईने पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं. सुई टोचली तर टोचते. दाभण वेगळं. ते पोत्यातून आरपार जातं आणि लगेच बाहेर येतं, सुतळी ओढून. जाड, क्षणभराचं, आणि परत परत त्याच रेघेत. दुखण्याची जागा, जोर, वेळ आणि चाल, सगळं त्या एका शब्दात होतं. मी तो शब्द काढून घेतला आणि त्याजागी 'प्रिकिंग' ठेवला. मेल्झॅकच्या यादीत त्या गटातला सगळ्यात हलका शब्द तो. गटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी आईचं दुखणं सरकवलं, तेही तिच्याच समोर, आणि दोन दाढांना हो म्हणून बसले.

एमआरआय झाला. कार्बामॅझेपिन नावाची गोळी सुरू झाली, फिटवर देतात तीच. हळूहळू डोस वाढवत न्यावा लागतो, रक्त तपासत राहावं लागतं, सुरुवातीला गुंगी येते. पण आठवड्याभरात आईने तोंडावर पाणी मारलं. मी बाहेर उभी होते. आवाज आला नाही म्हणून आत डोकावले, तर ती पुन्हा पुन्हा पाणी मारत होती, लहान मूल मारतं तसं.

त्याच रात्री मला आठवी 'ब' आठवली. 'सर, दाभण इंग्लिश नाही.' दोन्ही वेळा तोच शब्द, दोन्ही वेळा मीच. इतकी वर्षं मी समजत होते की मी त्या मुलावर हसले. मी हसले होते घरातल्या वस्तूवर. आमच्याही घरात ओट्याच्या वरच्या खुंटीला दाभण अडकवलेलं असायचं, माझाही बाप पोती शिवायचा. ते गाईडात नव्हतं एवढंच.

आता वॉर्डात मी एक करते. पेशंटने सांगितलेला शब्द तसाच लिहिते, अवतरणचिन्हात. 'इंगळी डसल्यासारखं.' 'करवत फिरते.' 'आत कुणी उखळात कांडतंय.' नवीन मुली विचारतात, 'सिस्टर, इंग्लिशमध्ये नको का?' मी सांगते, खाली लिही इंग्लिश, वर हे राहू दे. एका डॉक्टरांनी एकदा कपाळाला आठ्या घातल्या. पुढच्या वेळी मात्र तेच विचारत आले, 'त्या बाई नेमकं काय म्हणाल्या होत्या?'

या मेळाव्याचं पत्रक आलं तेव्हा मी यादीत त्याचा नंबर शोधला. दोन दिवस लावला नाही. तिसऱ्या दिवशी लावला. म्हटलं, 'मी बोलतेय, आठवी ब.' 'हां, बोल की.' मी म्हटलं, 'तुला दाभण आठवतं का?' तिकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, 'आठवतंय. दोन वर्षं म्हणायचात.' मी म्हटलं, 'नाव मी ठेवलं होतं.' 'ते बी माहितेय.' मी त्याला सगळं सांगितलं, आईचं, दाढांचं, माझं. माफी मागितली. त्याने 'असू दे' म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं. तो म्हणाला, 'मला घरी सांगता पण येईना, का हसतात ते. आमच्या म्हाताऱ्याला वाटलं आसतं त्याच्यावरच हसतात.' मग थोड्या वेळाने विचारलं, 'काकी जेवतात का आता?' मी म्हटलं, भाकरी खाते, दुधात कुस्करून, डाव्या बाजूने. म्हणाला, 'मग बरं.'

या मंचावर बोलायचं का, हे मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, बोल, फक्त माझं नाव नको, आणि सरांना विचार त्यांनी तो इंग्लिश शब्द कुठं शोधला होता, मला तेव्हापासून विचारायचं होतं. सर, तेवढं नंतर त्याला सांगा.

आणखी एक निरोप आहे. उरलेल्या खाचरात त्याने यंदा इंद्रायणी लावला होता. आज येताना आपल्या सगळ्या सरांसाठी आणि बाईंसाठी एक पोतं घेऊन आला आहे, तिकडे दाराशी ठेवलं आहे. मशीनवर शिवून आणलेलं नाही. तोंड सुतळीने त्याने स्वतः शिवलंय. वाटप जेवणानंतर आहे, पिशव्या कमी पडणार आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे जास्तीच्या असतील त्यांनी द्या.